तर्री, एचएमटी आणि मोहाचे लाडू

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून उतरवून, थोडं आवरून इथं दिलं आहे.)



सचिव साहेबांनी मला विषय दिला, 'मॅडम, तुम्ही खाण्यावर बोला.' इतर वक्त्यांना पाणीपुरवठा, कन्व्हेयन्स, सोलर पॅनल असे भारदस्त विषय आणि मला खाणं. पण तक्रार नाही. या सोसायटीत पंचवीस वर्षं राहून आपली ओळख काय, तर खवय्यी बाई, हे मला मान्य आहे. सदतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, ते कोणाच्या लक्षात नाही. तर्री कुठली चांगली, ते विचारायला मात्र दुसऱ्या विंगमधूनही फोन येतात.

आधी हॉटेलातल्या खाण्याबद्दल बोलते, कारण त्याबद्दल आपल्या पिढीच्या बायका जरा चोरून बोलतात. घरचं ते सात्त्विक, बाहेरचं ते वाईट, असं आपण मुलांना शिकवत आलो. मला विचाराल तर हॉटेलात जेवणं म्हणजे बाईच्या जातीला बसून गरम पोळी मिळणं. घरी पहिली पोळी नैवेद्याची, मग मुलांची, मग यजमानांची, पाहुण्यांची. आपल्या वाट्याला येते ती तव्यावरून उतरून अर्धा तास झालेली. हॉटेलात एक अनोळखी मुलगा येऊन विचारतो, 'ताई, आणखी काय देऊ?' हा प्रश्न घरात किती बायकांना कोणी विचारला असेल, ते मी इथं हात वर करायला लावून मोजत नाही. अनेकांच्या संसाराचा प्रश्न आहे. (हशा)

मी १९७९ मध्ये नोकरीला लागले तेव्हा आपला जिल्हा एकच होता. इकडे वरोऱ्यापासून तिकडे सिरोंच्यापर्यंत. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा झाला आणि मी एका रात्रीत, जागेवरून न हलता, दुसऱ्या जिल्ह्याची झाले. माझी शाळा चामोर्शी तालुक्यात. शनिवारी चंद्रपूरला यायचं म्हणजे एसटीने मूलला उतरायचं आणि पुढच्या गाडीची वाट पाहायची. त्या काळी हॉटेलात बाईमाणसासाठी 'फॅमिली रूम' असायची. म्हणजे लाकडी फळ्यांचं खोपटं आणि पुढे तेलकट पडदा. एकटी बाई त्यातसुद्धा जाऊन बसली तर पडदा उगाच दोनदा हलायचा. मी स्टँडवर उभ्यानं आलूबोंडा खायचे, रस्सा घालून, द्रोणात. सोबतच्या शिक्षिका म्हणायच्या, 'काऊन बाई, लोक पाहून ऱ्हायले ना!' मी म्हणायची, पाहू दे, त्यांनाही भूक लागेल. आज आपल्या सोसायटीतल्या मुली चौघी-चौघी मिळून हॉटेलात जातात, बिलाचे फोटो काढतात, हिशेब फोनवर करतात. हे पाहून मला जेवढा आनंद होतो तेवढा कोणत्याच थाळीनं होत नाही.

आता आपल्या शहरातलं बाहेरचं खाणं. सकाळची तर्री-पोहे ही काही फक्त नागपूरची मालकी नाही. वाफेवरचे मऊ पोहे, त्यावर हरभऱ्याचा तिखट लाल रस्सा, वरून कच्चा कांदा, सांबार आणि लिंबू. पुण्याहून आलेल्या माझ्या सुनेला मी पहिल्यांदा म्हटलं, 'पोह्यांवर सांबार टाक,' तर ती इडलीचं सांबार शोधायला लागली. आपल्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे तिला कळायला दोन दिवाळ्या लागल्या. पाट्या तर सावजीच्या चौकाचौकांत. सावजी मूळचं नागपूरच्या हलबा-कोष्टी विणकरांचं. दिवसभर मागावर बसणाऱ्या माणसांचं ते झणझणीत जेवण. मसाला भाजून-भाजून काळा केलेला, जवसाच्या तेलात परतलेला. आता बरेच ठिकाणी नुसतं तिखट ओततात आणि नाव सावजी लावतात. भाजलेल्या मसाल्याचं तिखट हळूहळू चढतं आणि रेंगाळतं. नुसतं तिखट कानात जातं. हा माझा अनुभव आहे, कोणी मनाला लावून घेऊ नये.

आपलं शहर कोळशाच्या खाणींचं, वीज केंद्राचं, आणि पलीकडे बल्लारपूरचा कागद कारखाना. नोकरीसाठी माणसं चहूकडून आली आणि प्रत्येकजण आपलं ताट घेऊन आला. राजुऱ्याकडचा मुलूख तर निजामाच्या राज्यातला, तिथं तेलुगू चुलीला चूल लागून. म्हणून इडली-डोसा इथं उडुपी होऊन आला नाही, शेजारी होऊन आला. आणि बंगाली कॅम्पचं नाव तुम्ही रोज ऑटोवाल्याला सांगता, ते का पडलं हे मुलांनी जरूर विचारावं. पूर्व बंगालमधून घरदार सोडून आलेल्या कुटुंबांना सरकारने आपल्या भागात वसवलं. काही इथं शहरात, बरीच चामोर्शी-मूलचेरा भागातल्या जंगलालगतच्या गावांत. माझ्या वर्गात त्यांची मुलं होती. संक्रांतीला आपल्या मुलांच्या डब्यात तिळगूळ आणि त्यांच्या डब्यात तांदळाच्या पिठाची घडी, आत गूळ-खोबरं. पाटीसाप्टा. मधल्या सुट्टीत जी देवघेव चालायची ती मी कधी थांबवली नाही. खरं सांगायचं तर मी तिच्यात भागीदार होते.

घरच्या गोडाकडे वळते. तिकडे सिरोंच्याला तेलुगू घरात अरिसेलू करतात, आपण अनारसे करतो. तांदूळ भिजवायचे, कुटायचे, गुळात मळायचे आणि तळायचे. त्यांचा पाक वेगळा, आपलं पीठ मुरवायचं वेगळं, आपल्याला वरून खसखस लागते. पण दोन्ही एका आजीच्या नाती वाटतात. आणि तांदूळ पिकतो तिथंच असली पक्वान्नं सुचतात. माजी मालगुजारी तलावांतले शिंगाडे, ढिवर बांधवांनी काढलेले, वाळवून दळले की उपासाचा शिरा. कोहळ्याची बोंडं. आमरसासोबत सरगुंडे. हे सरगुंडे इथल्या लहान मुलांपैकी कितींनी पाहिलेत? कणकेची बारीक वळी काडीवर गोल-गोल गुंडाळायची, अलगद सरकवून काढायची, वाफवायची. माझ्या सासूबाई बोलता-बोलता शंभर काढायच्या. नजर काडीवर नाहीच, समोरच्या माणसावर. पुरणपोळीचं तर काय सांगू. आपल्याकडे पोळीवर तूप घेत नाहीत, वाटीभर तुपात पोळी बुडवतात. आजकाल डॉक्टर ती वाटी पाहून माझ्याकडे पाहतात.

सोसायटीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत हे सगळं जिन्यावरून फिरायचं. नळाला पाणी नव्हतं, टँकर यायचा. रांगेत बादल्या आणि त्याच रांगेत ओळखी. मग वाट्या सुरू झाल्या. आज तुमच्याकडून खीर, उद्या आमच्याकडून कढी-गोळे. वाटी रिकामी परत करायची नाही हा नियम कोणत्याच उपविधीत नाही, पण कोणी मोडला नाही. काहीच नसलं तर साखर घालून द्यायची. महालक्ष्म्यांच्या जेवणाला सोळा भाज्या, आंबील, पडवळाची कढी एकीच्या घरी व्हायची आणि तिन्ही विंग जेवायच्या. कोजागिरीचं दूध आटवायचं काम अलीकडे पुरुष मंडळींनी घेतलंय, ही मात्र इतिवृत्तात नोंद करण्यासारखी गोष्ट आहे. दोनदा लागलं बुडाशी, पण नोंद करावी.

आता ज्या कारणासाठी मी हा माईक इतक्या आनंदानं हातात घेतला, त्याकडे येते.

आपण सगळे किराण्याच्या यादीत 'एचएमटी' लिहितो. पन्नास किलोचा कट्टा, नवा नको, जुना पाहिजे, असं सांगतो. हा तांदूळ कुठून आला? कंपनीचं नाव वाटतं ना? आपल्याच जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं छोटं गाव आहे. मराठवाड्यातलं नांदेड नव्हे. तिथं दादाजी खोब्रागडे नावाचे शेतकरी होते. शिक्षण तिसरीपर्यंत, शेती दीड एकर. १९८३ मध्ये 'पटेल ३' जातीच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाणा निराळा, रंग निराळा. दुसऱ्या कोणी त्या बाकीच्या धानात झोडपून टाकल्या असत्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, जपून ठेवल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या. रानडुकरांपासून वाचवायला काट्यांचं कुंपण घालून. वर्षानुवर्षं निवडत गेले, तेव्हा हा बारीक, चवीचा, भरघोस तांदूळ हाती आला. गावातल्या दुसऱ्या शेतकऱ्यांनी बी नेलं, पिकवलं, धान बाजारात गेलं. नाव तर नव्हतंच. त्या काळी एचएमटीच्या घड्याळांची चलती, म्हणून व्यापाऱ्यानं तेच नाव लावलं. आणि तेच चिकटलं. बी काढणाऱ्याचं नाव कट्ट्यावर कधी छापलं गेलं नाही.

ते एवढ्यावर थांबले नाहीत. नांदेड चिन्नोर, डीआरके, विजय नांदेड अशा आणखी जाती त्यांनी काढल्या. २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते मिळाला, २०१० मध्ये 'फोर्ब्स'च्या यादीत नाव आलं. एवढं सगळं होऊनही शेवटची वर्षं हलाखीची आणि आजारपणाची गेली. ३ जून २०१८ ला गडचिरोलीत उपचार सुरू असताना ते गेले. त्या दिवशी आपल्या किती घरांत त्यांच्या तांदळाचा भात शिजला असेल, विचार करा. आपण कोणालाही नावाजतो. अमक्या शेफची रेसिपी, तमक्या हॉटेलचं दम बिर्याणीचं भांडं. आणि ज्यानं आपल्या रोजच्या ताटातला भात घडवला, तो आपल्यापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर राहत होता.

म्हणून भोजन समितीकडे मी पहिली मागणी केली की आजचा भात एचएमटीचाच हवा. केटररला बासमती हवा होता. समितीनं माझं ऐकलं, त्याबद्दल आभार. भाताच्या भांड्याजवळ एक छोटा पुठ्ठा ठेवलाय, त्यावर दादाजींचं आणि त्यांच्या गावाचं नाव पाचवीतल्या मुलांनी लिहिलंय. अक्षर थोडं तिरकं आहे, पण वाचता येतं.

दुसरी मागणी मात्र एवढी सोपी गेली नाही. मी म्हटलं, गोडाच्या टेबलावर गुलाबजाम ठेवा, आइस्क्रीम ठेवा, आणि मोहाचे लाडूही ठेवा. समितीत दोन मिनिटं कोणी बोललंच नाही. मग एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, 'मॅडम, मोह म्हणजे दारू. बाहेरचे पाहुणे येणार, बरं दिसत नाही.' त्यांचं अगदी चूक म्हणता येत नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी, आपल्या जिल्ह्यात २०१५ ते २०२१. त्या बंदीसाठी बायकांनी मोर्चे काढले, मी स्वतः एका मोर्चात चालले आहे. दारूनं उद्ध्वस्त झालेली घरं माझ्या वर्गात रोज येऊन बसायची, डबा न घेता. तेव्हा दारूची बाजू मी घेणार नाही. पण द्राक्षाचीही दारू होते, म्हणून आपण शिऱ्यातले मनुके काढून टाकतो का? गुळाची होते, तर पुरणातून गूळ काढायचा? हा नियम फक्त मोहालाच का? कारण मोह गरिबाच्या घरचा आहे. आदिवासी बाई तो वेचते, म्हणून त्याला वास येतो. मनुका दुकानातून पुडक्यात येतो, त्याला येत नाही.

मोहाचं फूल कसं येतं, ते शहरातल्या मुलांना सांगते. मार्च-एप्रिलमध्ये पानगळ झालेल्या झाडावर फुलांचे घोस येतात आणि पहाटे अंधारात टप-टप खाली पडतात. फिकट पिवळी, रसरशीत, मण्यासारखी. उजाडायच्या आत टोपली घेऊन जावं लागतं, कारण ऊन चढलं की फूल सुकतं आणि हरणं-अस्वलंही त्याचीच वाट पाहत असतात. झाडाखालचा पाचोळा नीट झाडून घ्यायचा. काही जण तो जाळतात, त्यातून वणवा लागतो, हे वाईट. अंगणात चार-पाच दिवस वाळवलं की तेच फूल मनुक्यासारखं तपकिरी होतं. आपल्याकडे पारा ४७ च्या पुढे जातो तेव्हा आपण कूलरला शिव्या देतो, त्या उन्हात त्यांची वर्षाची बेगमी वाळत असते. फुलं संपली की त्याच झाडाला टोळ धरतात, त्यांचं तेल निघतं. ज्या घरात पावसाळ्यात धान्य संपतं, तिथं हेच मोह शिजवून, भाजून पोटाला आधार होतात. हे फूल गोळा करायला, साठवायला, न्यायला जे निर्बंध होते, ते राज्य सरकारने २०२१ मध्ये उठवले. म्हणजे सरकारनंही ते आता अन्न मानलं. सोसायटीनं मानायला हरकत नसावी, असं मी समितीला म्हटलं.

आणि आणखी एक गोष्ट, जी बोलताना माझा आवाज जरा बसतो. आज जे लाडू आहेत त्यांचे मोह माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं दिले. आरमोरी तालुक्यात तिचं गाव. तिच्या भागात, आणि आपल्याकडच्या ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावलीच्या भागातही, मोहफुलं नाहीतर तेंदूपत्ता गोळा करायला गेलेल्या बायकांवर वाघाचे हल्ले होतात. वर्तमानपत्रात आपण वाचतो, आतल्या पानावर. आपण पाहुण्यांना ताडोबात नेतो, जिप्सीतून वाघ दिसला की टाळ्या वाजवतो, मीही वाजवल्यात. ती बाई त्याच वाघाच्या जंगलात पहाटे वाकून फुलं वेचते. वाकलेलं माणूस वाघाला चार पायांचं दिसतं, असं तिच्या गावातले लोक सांगतात. आता त्या एकट्या जात नाहीत. आठ-दहा जणी मिळून जातात, एक जण उभी राहून पाहत असते, मधून-मधून डबा वाजवतात. मी तिला फोनवर म्हटलं, 'अगं, नको जाऊस, मी दुकानातून काहीतरी आणते.' ती म्हणाली, 'बाई, तुमाले लाडू पायजेन म्हनून नाई जात जी मी. मले तर जावाच लागते.'

हे ऐकल्यावर समितीतले सगळे गप्प झाले. ठराव झाला. फक्त एक सूचना आली की पाटीवर 'मोहाचे लाडू' न लिहिता 'वनफुलांचे पौष्टिक लाडू' लिहावं, म्हणजे पाहुणे दचकणार नाहीत. त्यावर वीस मिनिटं चर्चा झाली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये गळक्या टाकीवरही इतकी झाली नव्हती. मी हटले नाही. खोब्रागडेंच्या तांदळाला घड्याळाचं नाव लागलं, तेवढं पुरे झालं. पाटीवर 'मोहाचे लाडू' असंच लिहिलंय.

कृती अनेकींनी विचारलीय, ती सांगून थांबते. वाळलेली मोहफुलं घ्यायची. आतले केसर काढून टाकायचे. हे काम किचकट आहे, पण टीव्ही पाहता-पाहता होतं. लोखंडी कढईत मंद आचेवर कुरकुरीत होईतो भाजायची, जळू द्यायची नाहीत, नाहीतर कडू होतात. तेवढेच तीळ, अर्धे फल्लीदाणे आणि मूठभर जवस वेगवेगळे भाजून घ्यायचे. सगळं खलबत्त्यात कुटायचं. मिक्सर चालतो, पण थांबत-थांबत फिरवायचा, म्हणजे तेल सुटत नाही. गूळ जवळपास लागतच नाही, फूल मुळात गोड आहे. मिश्रण फारच कोरडं वाटलं तर चमचाभर तूप. लिंबाएवढे वळायचे. एका किलोत किती होतात विचारू नका, कारण वळताना मी किती खाते ते मोजलेलं नाही. पीठ मळायचं असेल तर मोह पाण्यात उकळून, ते गाळून, त्यात कणिक भिजवायची आणि पुऱ्या लाटायच्या. प्रवासात टिकतात.

लाडू दीडशे आहेत आणि आपण दोनशे चाळीस माणसं. तेव्हा पहिल्या फेरीत एकालाच एक. साखरेचा त्रास असणाऱ्यांनी अर्धा घ्यावा आणि उरलेला अर्धा शेजारच्याला द्यावा. माझ्या विद्यार्थिनीचा नंबर सूचना फलकाजवळ लावलेला नाही, तिला उगाच शंभर फोन नकोत. ज्यांना पुढच्या हंगामात मोह हवेत त्यांनी माझ्याकडे नाव द्यावं, वहीत लिहून घेते. भाव ती सांगेल तोच. घासाघीस कोणी करायची नाही, एवढं आत्ताच सांगून ठेवते. आतापर्यंत अकरा नावं आलीत, त्यातलं एक त्या ज्येष्ठ सदस्यांचंच आहे.